रेपो रेट उतरला, मग सोयाबीन का नाही चढलं?

भाऊ, तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत आरबीआयनं रेपो रेट साडेसहावरून सव्वापाचवर आणला, पण तुझ्या सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज होतं तेवढंच आहे, घरात ४० क्विंटल सोयाबीनचे कट्टे पडून आहेत, यार्डात हर्रासात ४,२०० च्या वर कोणी बोलत नाही, आणि टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ दर दोन महिन्यांनी आपलाच अंदाज बदलतात, तर या लोकांच्या संशोधनाचा कास्तकाराला उपयोग काय? आणि शेवटी विचारलंस, काका, माल ठेवू का विकू?

मी सव्वीस वर्षं हेच काम केलं, महागाईचा अंदाज काढायचं. मूळचा दारव्हा तालुक्यातला, आता परत गावातच राहतो, वावर स्वतः पाहतो. त्यामुळं जरा लांबेल, पण दोन्हीकडून सांगतो.

आधी रेपोचं उरकतो. बँकांना रोजच्या व्यवहारात पैसा कमी पडला की त्या सरकारी रोखे तारण ठेवून आरबीआयकडून थोड्या मुदतीची उचल घेतात, त्या उचलीचा दर म्हणजे रेपो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची गृहकर्जं आणि छोट्या धंद्यांची कर्जं बाहेरच्या दराला बांधावी लागतात, बहुतेक बँकांनी ती रेपोलाच बांधली, म्हणून यवतमाळात फ्लॅट घेतलेल्या माणसाचा हप्ता लगेच हलतो. पीककर्ज तसं बांधलेलं नाही. ३ लाखापर्यंत ७ टक्के, वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट, आणि आपल्याकडं डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं वेळेत भरणाऱ्याला शून्य. मागची काही वर्षं रेपो ४ वर होता, मग साडेसहावर गेला, आता सव्वापाच, आपल्याला वेळेत भरलं तर शून्यच. म्हणजे तिथं उतरायला काही उरलंच नव्हतं. आपल्याकडचं खरं महाग कर्ज दुसरंच असतं, बायकांच्या नावावरचं ग्रुप लोन, ट्रॅक्टरचा फायनान्स, अडत्याची उचल, नाहीतर दोन रुपये शेकड्याचा सावकार. त्यातलं काहीच रेपोमागं पळत नाही. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या व्याजावरची कमाल मर्यादासुद्धा एप्रिल २०२२ पासून उठली, आता दर ज्याची त्याची कंपनी ठरवते.

मग आरबीआय दर हलवते तरी कशाला? मागणी हलवायला. कर्ज स्वस्त झालं की घर, गाडी, कारखान्यातली गुंतवणूक वाढते, हळूहळू लोकांच्या हातात पैसा येतो, मग भाव. याला सहा महिने लागतात, कधी दोन वर्षं लागतात. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी हे फार आधी सांगून ठेवलं होतं की पैशाच्या धोरणाचा परिणाम लांबून येतो आणि दर वेळी सारख्या अंतरानं येत नाही. म्हणजे आरबीआयला आज निर्णय घेताना आजची महागाई पाहून चालत नाही, वर्षभरानंतरची काय असेल ते धरावं लागतं. अंदाजाचं सगळं महत्त्व इथून येतं. खत टाकायचं पावसाच्या आधी, पाऊस कसा येईल ते माहीत नसताना, तसंच ते काम आहे.

आता अंदाज निघतो कसा ते सांगतो, कारण लोकांना वाटतं एसीत बसून आकडा फेकतात.

कायद्यानं ठरलेलं लक्ष्य असं आहे की ग्राहक किंमत निर्देशांकावरची महागाई ४ टक्के असावी, दोन टक्के वर किंवा दोन खाली चालेल. हे २०१६ पासून आहे, आणि दर ठरवते सहा जणांची समिती, तीन आरबीआयचे, तीन बाहेरचे. सलग तीन तिमाह्या या पट्ट्याबाहेर गेल्या तर आरबीआयला सरकारला लेखी कारण द्यावं लागतं, २०२२ मध्ये द्यावं लागलं. २०१२ पायावर्षाच्या मालिकेत तो निर्देशांक १,१८१ गावांतून आणि शहरांतल्या १,११४ बाजारांतून गोळा केलेल्या भावांवर बनायचा, आणि त्यात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. ४६ टक्के! त्यात भाजीपाला ६, डाळी अडीचच्या आत, तेल साडेतीन. म्हणजे महागाईचा अंदाज काढणाऱ्याचं निम्मं काम आपल्या वावरात आणि मंडईत असतं.

माझं काम असं चालायचं. रोज सकाळी ग्राहक व्यवहार खात्याचे किरकोळ भाव उतरवायचे, तांदूळ, तूरडाळ, तेल, कांदा, बटाटा, टोमॅटो, मग महिन्याची सरासरी काढून वजनानं गुणायचं. कपडे, भाडं, डॉक्टर, शाळेची फी यांना मागच्या चालीवरून पुढं ओढायचं, कारण ते सावकाश हलतात. मग तेलाचा जागतिक भाव, रुपया, पाऊस, हे मॉडेलात घालायचं. पहिले दोन महिने असा अंदाज बऱ्यापैकी जमतो. सहा महिन्यांपुढं गेलं की भाजीपाला आणि पाऊस सगळं पुसून टाकतात.

जुलै २०२३ मी विसरत नाही. जूनची महागाई ४.८१ आली होती, सगळे निवांत. महिनाभर टोमॅटो रोज चढताना मी पाहत होतो, तरी माझ्या तक्त्यातल्या रकान्यानं सांगितलं की मागच्या दहा वर्षांत टोमॅटो एवढा चढला की तीन आठवड्यांत परत येतो, आणि मी रकान्याचं ऐकलं. साडेसहाच्या थोडं खाली लिहून दिलं. आकडा आला ७.४४. त्या महिन्यात गावी आलो होतो, बाजाराच्या दिवशी आमच्या वहिनीनं एका पिशवीत चार टोमॅटो आणले आणि म्हणाली, "भावजी, हे आता फोडणीले नाही, फक्त वासाले." हे मला जुलैच्या पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर मी तक्त्यावर विसंबलो नसतो. बघण्यासारखं पुढचं आहे. ऑगस्टच्या बैठकीत आरबीआयनं जुलै-सप्टेंबर तिमाहीचा आपला अंदाज ५.२ वरून ६.२ केला, पण रेपो हलवला नाही, साडेसहावरच ठेवला. कारण टोमॅटोची महागाई व्याज वाढवून कमी होत नाही, नवीन तोडा बाजारात आला की होते. सप्टेंबरला महागाई पाचवर परत आली. माझा आकडा चुकला, पण टोमॅटोचा झटका टिकणार नाही हे बरोबर निघालं, आणि धोरणाच्या कामाचं ते दुसरं होतं. एका आकड्यात मावत नाही असं बरंच काही अंदाजात असतं.

आता तुझी तक्रार, दर दोन महिन्यांनी अंदाज बदलतात. हो, बदलतात. २०२५-२६ या एका वर्षाच्या महागाईसाठी आरबीआयनं फेब्रुवारीत सांगितलं ४.२, एप्रिलमध्ये ४, जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६, आणि डिसेंबरमध्ये २. दहा महिन्यांत अंदाज निम्म्याहून खाली. मला यात आकडा बदलल्याचं काही वाटत नाही, नवीन माहिती आल्यावर जो बदलत नाही त्याची जास्त भीती वाटते. मला खटकतं ते हे की सगळे बदल एकाच दिशेनं झाले. चूक कधी वर कधी खाली गेली तर समजावं नशीब, पण पाचच्या पाच वेळा त्याच बाजूला सरकत गेलं तर पद्धतीत काहीतरी कमी धरलं जातंय. इथं कमी धरलं गेलं ते खाण्याच्या भावांचं पडणं. आणि महागाई ४ येणार म्हणून दर ठेवला, ती आली २, तर कर्ज घेणाऱ्याला खरं व्याज, म्हणजे महागाई वजा करून उरणारं, दोन टक्क्यांनी जास्त पडलं. अंदाजाची चूक कोणाच्या तरी खिशातून जाते.

ऑक्टोबर २०२५ ला महागाई फक्त ०.२५ टक्के आली, पेपरात आनंदाची बातमी होती. त्याच आकड्याच्या आत बघ, खाद्यपदार्थांचे भाव वर्षाच्या मानानं ५ टक्के घसरले होते. खाद्यपदार्थांचे भाव घसरले म्हणजे कोणाच्या मालाचे भाव घसरले? सोंगणी करून गंजी लावली, मळणी केली, तेव्हा हमीभाव होता ५,३२८ आणि यार्डात चार हजाराच्या अल्याडपल्याड. मी इतकी वर्षं हा आकडा मोजला म्हणून ठामपणे सांगतो, हा निर्देशांक खाणाऱ्याच्या बाजूनं मोजलेला आहे, पिकवणाऱ्याच्या नाही. खोटा नाहीये तो, त्याचं काम तेवढंच आहे. पण मग शेतमालाच्या भावाचं तसंच एक लक्ष्य, तशीच एक जबाबदार समिती, तसंच चुकलं तर लेखी कारण, हे का नसावं, हा प्रश्न मी नोकरीत असताना बैठकीत विचारायचो आणि आताही विचारतो.

सोयाबीन का नाही चढलं, याचं उत्तर रेपोत शोधू नको. सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी जवळपास सगळी ढेप, म्हणून प्लांटवाला ढेपीचा, म्हणजे डीओसीचा भाव पाहून बोली लावतो. मक्यापासून इथेनॉल करताना जो चोथा उरतो तो कोंबडीखाद्यात स्वस्तात जायला लागला आणि डीओसीची मागणी खाल्ली. तेलाचं म्हणशील तर देशाला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यावरचा कर हलला की इथला भाव हलतो. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ आयात कर शून्यावरून २० टक्के केला, मे २०२५ च्या अखेरीस पेरणीच्या तोंडावर १० वर आणला. आणि महागाई रोखायची म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. रेपो हे महागाईवरचं एक औषध, पण शेतमालावर लगेच लागू पडणारी औषधं ही आहेत, आयात कर, साठा मर्यादा, वायदेबंदी. यांचा अंदाज कुठल्याच मॉडेलात नीट बसत नाही, कारण मॉडेल मागच्या सवयींवर चालतं आणि सरकारचा नियम बदलला की व्यापारी, कास्तकार, सगळ्यांच्या सवयी बदलतात. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९७६ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता आणि माझ्या मते आमच्या विषयातला तो सगळ्यात खरा मुद्दा आहे.

आपल्या तुरीनं तो दाखवूनच दिला. २०१५ ला डाळ दोनशे रुपये किलो झाली, ते पाहून पुढच्या हंगामात ज्यानं त्यानं तूर पेरली, आयातही चालूच राहिली, विक्रमी पीक आलं आणि २०१७ ला हमीभाव ५,०५० असताना बाजार चार हजाराच्या खाली गेला. आमच्या शेजारच्या काकाजींनी खरेदी केंद्राबाहेर बंडीखाली अकरा रात्री काढल्या, बारदाना नाही म्हणून. आजच्या भावावरून उद्याचा अंदाज बांधला आणि सगळ्यांनी सारखाच बांधला, तर तो अंदाजच स्वतःला खोटं पाडतो.

आता अंदाज वाचायचा कसा. आमच्या घरी हे माझ्या वडिलांनी शिकवलं, त्यांना अर्थशास्त्र माहीत नव्हतं. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. वावरात गोल घट आखतात, कडेनं धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं ते पाहून पाऊस-पीक सांगतात. दरवर्षी ते भाकीत पेपरात यायचं आणि वडील कापून वहीत चिकटवायचे. आणि दिवाळीला, माल घरात आला की, त्याच कात्रणाच्या बाजूला शिसपेन्सिलनं लिहायचे: ज्वारी, सांगितली चांगली, झाली चांगली. मूग, सांगितला साधारण, गेला. दहा-बारा वर्षांची अशी वही होती. मी विचारलं, कायले लिहिता जी? म्हणाले, "सांगणारा विसरते, आपण नाही विसरायचं."

नोकरीत मी तेच केलं. प्रत्येक अंदाजाच्या बाजूला आलेला आकडा, फरक किती, कोणत्या बाजूला. पुढं कळलं की चांगल्या मध्यवर्ती बँका हेच करतात. आरबीआय सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरला, पतधोरणाचा अहवाल काढते त्यात पंख्यासारखा पसरत जाणारा चार्ट असतो, मधली रेघ म्हणजे अंदाज आणि बाजूचे पट्टे म्हणजे दहात किती वेळा आकडा इथं पडेल ते. टीव्ही फक्त मधली रेघ दाखवतो. तू पट्टा बघत जा. वर्षभरापुढचा पट्टा एवढा रुंद असतो की मधल्या रेघेवर कोणी वावर विकू नये. हा पंखा १९९६ मध्ये इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं आणला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख बेन बर्नान्की यांनी त्या बँकेच्या चुकांची तपासणी करून सांगितलं की पंखा बंद करा, त्यापेक्षा असं झालं तर काय आणि तसं झालं तर काय, हे वेगवेगळं मांडा. मला ते पटलं, कास्तकाराला तर तेच कामाचं.

म्हणून तुझे ४० क्विंटल तसेच मांडतो. हमीभाव केंद्रावर नोंदणी केली म्हणालास, नंबर लागला आणि ओलावा १२ च्या आत निघाला तर ५,३२८, तो रस्ता सोडू नको. नंबर नाही लागला आणि फेब्रुवारी-मार्चला ब्राझीलचं पीक नेहमीसारखं निघालं, तेलावरचा कर जैसे थे राहिला, तर बाजार ४,००० ते ४,४०० च्या आतच घुटमळेल. कर वाढला किंवा तिकडं अर्जेंटिनात पाऊस बिघडला तर ४,८०० दिसू शकतो.

पण भावाच्या आधी ठेवण्याचा खर्च मोज, कारण तो आज माहीत आहे, भाव नाही. बहिणीच्या फीसाठी ६० हजार दोन रुपये शेकड्यानं घेतलेत म्हणालास, म्हणजे महिन्याला १,२०० जातात. आज ४,२०० ला विकून हा पैसा फेडता येतो आणि तू विकत नाहीस, तर त्या प्रत्येक क्विंटलवर महिन्याला ८४ रुपये चढतायत. चार महिन्यांत ३३६. दाणा सुकून वजन दोन टक्के घटलं तर आणखी ८४, हमाली-बारदाना ४० धर. एकूण ४६०. म्हणजे एप्रिलला ४,६६० मिळाला तर तू आजच्या जागीच आहेस, वर गेला तरच फायदा.

आता दुसरा रस्ता. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीच्या गोदामात स्वतःचा माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के वार्षिक व्याज, १८० दिवस. सगळ्याच समित्या राबवत नाहीत, आधी आपल्या समितीच्या सचिवांना जाऊन विचार, सातबारा आणि आधार घेऊन जा. २० क्विंटल ठेवले तर ८४,००० चे ७५ टक्के, ६३,००० मिळतील. त्यात सावकाराचे ६० हजार मोकळे. व्याज महिन्याला ३१५. कुठं १,२०० आणि कुठं ३१५. महिन्याला ८८५ रुपये वाचले, भाव एक रुपया न चढता. तुझ्या घरापुरता व्याजदर हा आहे.

उरलेल्या २० मधले रब्बीच्या खर्चापुरते, हरभऱ्याची फवारणी आणि मजुरी जे काय असेल तेवढे, आताच विक, आणि बाकीचे हमीभावाच्या नंबरासाठी सुकवून ठेव. मॉइश्चर केंद्रावर पहिल्यांदा कळू देऊ नको, आधी अडत्याकडच्या मीटरवर दोन कट्ट्यांतून मूठमूठ घेऊन मोजून घे, वरच्या थरातलं नाही, कट्ट्याच्या पोटातलं.

आणि माझा अंदाज मागितलास तर देतो. मार्चअखेर आपल्या भागातल्या यार्डात सोयाबीन दहात सात वेळा ४,००० ते ४,९०० मध्ये असेल, मधला आकडा ४,४००. आजची तारीख घालून वहीत लिहिलाय, बाजूचा रकाना रिकामा ठेवलाय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या यार्डाचा भाव कळव, तो तिथं भरीन.